शनिवारच्या आत कर्जावर सही करू का?

पत्र

मॅडम, नमस्कार. मी बार्शीची, वय 33, बी.कॉम. झालंय. एका पतसंस्थेत संगणकावर नोंदी करते. डेटा अ‍ॅनालिटिक्स (आकडेवारीचं विश्लेषण) शिकून सोलापूर-पुण्याकडे चांगलं काम मिळवायची इच्छा आहे. मोबाइलवर एकदा माहिती भरली आणि तेव्हापासून एका कंपनीचे सल्लागार रोज फोन करतात. विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए, एआय शिक्षक, व्हीआर वर्ग, व्हिडिओ आयुष्यभर, नोकरीची हमी. फी 1,60,000 रुपये, हप्त्यांनी. शनिवारपर्यंत सही केली तर 30,000 सूट. दीर म्हणतात, "वहिनी, आता कोर्स कशाला? एआय सगळं फुकट शिकवतो." याआधी मी दोन फुकट कोर्स सुरू केले आणि अर्ध्यात सोडले. इंग्रजी कळतं, पण वेळ लागतो. माझ्यातच जिद्द कमी आहे का? पैसे भरले तर तरी पूर्ण होईल असं वाटतं. शिवाय मुलगी आठवीत आहे, गृहपाठ एआयकडून करून घेते. तिला थांबवू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

शनिवारी सही करू नका. कागद नीट वाचायला, विद्यापीठाची खात्री करायला आणि घरात बोलायला वेळ लागतो. तो वेळ तुम्हाला मिळू नये म्हणूनच शनिवार ठरवलेला असतो. सूट हुकली तरी तुमचं काही बुडणार नाही.

आता जिद्दीबद्दल. माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे आणि तुम्ही स्वतःला विनाकारण दोष देताय. 2011 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सगळ्यांना मोफत खुला केला. सुमारे 1,60,000 लोकांनी नाव नोंदवलं. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे मंच सुरू झाले आणि आता कॉलेजं ओस पडणार, असं जाणती माणसंही बोलू लागली. मग एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आली. नाव नोंदवणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी अभ्यासक्रम उघडलाच नव्हता. 2017-18 मध्ये पूर्ण करणारे शंभरात जेमतेम तीन होते. उच्चशिक्षित, इंग्रजीत वाढलेली, हातात वेळ असलेली माणसंही त्यात होती. तुम्ही नोकरी, घर, दोन वेळचा स्वयंपाक सांभाळून दोन अभ्यासक्रम अर्ध्यापर्यंत नेलेत. याला जिद्द कमी असणं म्हणत नाहीत.

पैसे भरले तर पूर्ण होईल, या तुमच्या वाटण्यातही काही तथ्य आहे. त्याच आकडेवारीत प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांपैकी 46 टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. पण ती रक्कम साधारण काही हजार रुपयांची होती, कर्जाची नव्हती. शिवाय पैसे भरूनही अर्ध्याहून जास्त लोक सोडून गेलेच. म्हणजे पैशाने थोडा रेटा मिळतो, अभ्यास होत नाही.

मग कशाने होतो? मी बरीच वर्षं दूरशिक्षणाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षिका, होते. रविवारी संपर्क सत्राला येणाऱ्यांत अंगणवाडी सेविका, एसटीचे वाहक, शेतातून थेट आलेली मुलं असत. पुस्तकं सगळ्यांना सारखीच मिळत. तिथे टिकून राहायची ती माणसं, ज्यांचं काम कोणीतरी बघणार असायचं: स्वाध्याय अमुक तारखेला द्यायचा आहे, बाई तो वाचणार आहेत, शेजारची मैत्रीण वहीचं पान मागणार आहे. शिकवण्याचं साहित्य आता फुकटाच्या जवळ पोहोचलंय आणि दर वर्षी आणखी स्वस्त होणार आहे. दुर्मीळ राहणार आहे ते तुमचं काम तपासणारं, तुमची वाट बघणारं माणूस आणि ठरलेली तारीख. पैसे खर्चायचेच असतील तर त्यासाठी खर्चा. कुठलंही नवं तंत्रज्ञान समोर आलं की मी हेच बघते: यात माझं काम कोण बघणार, आणि काम मी करणार की यंत्र करणार?

आता त्या कंपनीच्या यादीला हे लावून बघू.

व्हीआर, म्हणजे चष्मा लावून आभासी जगात भरणारे वर्ग, सोडून द्या. ज्या शिक्षणात चूक महागात पडते किंवा जिवावर बेतते, तिथे आभासी सराव फार उपयोगी आहे: वेल्डिंग, शस्त्रक्रिया, रसायनांचे प्रयोग. तक्त्यातल्या आकड्यांसाठी डोळ्यांवर चष्मा चढवून काहीही मिळत नाही.

'आयुष्यभर व्हिडिओ' हे आयुष्य तुमचं नसतं, कंपनीचं असतं. 2022 मध्ये बायजूस या ऑनलाइन शिकवणी कंपनीचं मूल्य 22 अब्ज डॉलर सांगितलं जात होतं. जुलै 2024 मध्ये त्याच कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मोठं नाव ही हमी नाही, एवढंच मला सांगायचंय.

नोकरीच्या हमीबद्दल: शिकवणी क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत नोकरीची खात्री देणाऱ्या खोट्या दाव्यांना मनाई आहे. सल्लागाराला सांगा की ही हमी करारात लिहून द्या: किती पगाराची, किती महिन्यांत, नाही मिळाली तर पैसे कधी परत. मागितल्यावर पुढचा फोन येतो का ते पाहा. आधीच काही भरलं असेल आणि परत मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

विद्यापीठाची पदवी हा भाग मात्र नीट समजून घ्या, कारण यात चांगलंही आहे आणि धोकाही. ऑनलाइन पदवी दुय्यम असते असं तुमच्या घरात कोणी म्हणत असेल तर ते आता खरं नाही. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन आणि दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय. अट एकच, मान्यता खरी हवी. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर यादी असते. त्यात विद्यापीठाचं नाव आहे एवढं बघून थांबू नका. तोच अभ्यासक्रम, ऑनलाइन पद्धतीने, याच सत्रासाठी मंजूर आहे का ते बघा. विद्यापीठाने आपला ऑनलाइन अभ्यासक्रम दुसऱ्या कंपनीला चालवायला देणं नियमात बसत नाही. त्यामुळे प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर घ्यायचा, फी विद्यापीठाच्याच खात्यात भरायची. 2024 पासून अशा प्रवेशाला विद्यार्थ्याचा डीईबी क्रमांकही लागतो आणि तो तुमच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (शिकण्याचे श्रेयांक साठवणारी व्यवस्था, तिच्याबद्दल पुढे) खात्याला जोडलेला असतो. सल्लागार यातलं काहीच न विचारता थेट हप्त्यांवर आला असेल, तर त्याला तुमच्या पदवीची काळजी नाही.

आणि हप्ते. 'हप्त्यांनी फी' असं जे सांगतात, ते बहुतेक वेळा फीचे हप्ते नसतात, कर्ज असतं. कंपनीला सगळी रक्कम पहिल्याच दिवशी मिळते. तुमचा करार होतो तो कर्ज देणाऱ्या बँकेशी किंवा वित्त कंपनीशी. वर्ग बंद पडले, शिक्षक बदलले, तुम्ही आजारी पडलात, तरी हप्ता चालूच. पतसंस्थेत बसता, थकबाकीदाराची काय अवस्था होते ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघता. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्जाआधी व्याज आणि सगळे आकार एकत्र दाखवणारं मुख्य माहिती पत्रक मिळालंच पाहिजे. कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाची विचार करायची मुदतही असते. तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या काळाचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं; प्रक्रिया शुल्क मात्र कापून घेतलं जाऊ शकतं. सही करून बसलेल्या एखाद्या मैत्रिणीला हे आजच सांगा.

आता तुमचे दीर. त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं फार महत्त्वाचं आहे. तुम्ही लिहिलंत की इंग्रजी कळायला वेळ लागतो. गेल्या काही वर्षांत ऑनलाइन शिक्षणात खूप गोष्टी आल्या-गेल्या, पण मराठी माणसासाठी मला सगळ्यात मोठा बदल हाच वाटतो की एआयला आता मराठीत विचारता येतं आणि तो मराठीत समजावून सांगतो. 'पिव्हट टेबल म्हणजे काय, मला पतसंस्थेतलं उदाहरण देऊन सांग' असं तुम्ही रात्री अकरा वाजता विचारू शकता. तोच प्रश्न पुन्हा विचारला तरी समोरून कोणी उसासा टाकत नाही. वर्गात हात वर करायला लाजणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्यासाठी ही केवढी मोकळीक आहे. संकल्पना मराठीत पक्की करा, संज्ञा इंग्रजीच राहू द्या, कारण मुलाखतीत आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याच भेटणार आहेत.

पण 'सगळं फुकट शिकवतो' यातला 'शिकवतो' तपासून घ्यावा लागतो. तुर्कस्तानात सुमारे 1,000 शाळकरी मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला, तो 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना सरावासाठी साधा एआय चॅट दिला. त्यांची सरावातली कामगिरी 48 टक्क्यांनी वाढली. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली, तर हीच मुलं एआय कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली. आपलं नुकसान झालंय हे त्यांना जाणवलंही नव्हतं. दुसऱ्या गटाला असा एआय दिला होता, जो थेट उत्तर न देता फक्त इशारे द्यायचा. त्या मुलांचं असं नुकसान झालं नाही. पण परीक्षेत ती इतरांच्या पुढेही गेली नाहीत. दुसऱ्याने थापलेल्या भाकऱ्या बघून हात बसत नाही, तसंच हे आहे.

कंपन्यांनाही हे उमगलंय. मोफत ऑनलाइन धडे देणाऱ्या खान अकॅडमीचा एआय शिक्षक खानमिगो 2023 मध्ये आला तोच उत्तर न देता प्रश्न विचारणारा. 2025 मध्ये चॅटजीपीटीतही अभ्यासाची वेगळी पद्धत आली. म्हणजे जी गोष्ट तुमचा सल्लागार 'एआय शिक्षक' म्हणून लाखात विकतोय, ती तुमच्या मोबाइलवर आधीच आहे. फक्त तिला बजावून सांगावं लागतं. अभ्यासाला बसताना असं लिहा: 'मला उत्तर देऊ नकोस. एका वेळी एक प्रश्न विचार. मी चुकले तर कुठे चुकले एवढंच सांग आणि पुन्हा करायला लाव.' सूत्र त्याने दिलंच, तर ते लहान तक्त्यावर हाताने पडताळून बघा. एआय चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो.

एक कडक सूचना: सभासदांची नावं, खाते क्रमांक, ठेवी, थकबाकी यातलं काहीही एआयमध्ये टाकू नका. ती माहिती तुमची नाही, लोकांनी विश्वासाने संस्थेकडे दिलेली आहे. सरावासाठी काल्पनिक नावांचा तक्ता बनवा.

मग कुठून सुरुवात करायची? एमबीए तूर्त बाजूला ठेवा. तुम्हाला आत्ता पदवी कमी पडत नाही, कौशल्य आणि ते दाखवणारं काम कमी पडतंय. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठी आवाजात, मोफत. तो मला आवडतो त्याचं कारण त्याची रीत: पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर, आणि थांबून थांबून तेच स्वतः करून बघायचं. त्यात लिब्रेऑफिस कॅल्क, म्हणजे आकड्यांचे तक्ते करायचं सॉफ्टवेअर, घ्या. सूत्रं बहुतेक एक्सेलसारखीच आहेत, आणि ते सॉफ्टवेअरही मोफत आहे.

पण धडे मिळाले म्हणजे झालं नाही, हे तुम्ही दोनदा अनुभवलंय. म्हणून पहिल्याच आठवड्यात तुमच्या व्यवस्थापकांशी बोला. त्यांना सांगा की दर महिन्याच्या पाच तारखेला मी थकबाकीचा तक्ता करून देईन: 30 दिवसांवरची, 60 वरची, 90 वरची थकबाकी, शाखेप्रमाणे आणि कर्जप्रकाराप्रमाणे. संस्थेच्याच संगणकावर, संस्थेच्याच परवानगीने. मार्चअखेरच्या धावपळीत असा तक्ता तयार मिळाला तर कोणता व्यवस्थापक नाही म्हणेल? एकदा त्यांना त्याची सवय लागली की पाच तारीख तुम्हाला चुकवता येणार नाही. पहिला तक्ता साधाच होईल, होऊ द्या. सहा महिन्यांनी मुलाखतीत 'मी हे करते' म्हणून दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असेल. जोडीला संस्थेतली किंवा गल्लीतली एक मैत्रीण घ्या. आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून एकमेकींचं काम बघायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर 'झालं' लिहून भागवायचं नाही.

दोन-तीन महिने हे टिकलं की स्वयम (केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच) आणि एनपीटेल (त्यावरचे आयआयटींचे अभ्यासक्रम) यांकडे वळा. एनपीटेलचे अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. शिकणं मोफत आहे, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी साधारण 1,000 रुपये. दर आठवड्याला स्वाध्याय असतो आणि त्याची मुदत टळली की टळली. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. गुणांत 25 टक्के स्वाध्यायाचे, 75 टक्के परीक्षेचे. एआयच्या काळात घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवरचा मालकांचा विश्वास उतरत जाणार आहे, आणि ओळखपत्र दाखवून केंद्रात दिलेल्या परीक्षेचं मोल वाढणार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. व्याख्यानं इंग्रजीत असली तरी अनेक अभ्यासक्रमांच्या लेखी संहिता भारतीय भाषांत मिळतात.

श्रेयांकांची नवी सोय तुमच्यासारख्यांसाठीच आहे, ती माहीत असू द्या. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स 2021 मध्ये सुरू झाली. मान्य अभ्यासक्रमांचे श्रेयांक तिथे साठतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. एक श्रेयांक म्हणजे साधारण 30 तासांचं शिकणं. एखादं वर्ष सासूबाईंच्या आजारपणात गेलं, मुलीच्या दहावीत गेलं, तर आधीचं सगळं वाया, असं पूर्वी व्हायचं. आता होऊ नये. तरीही कुठल्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याआधी 'याचे श्रेयांक कुठे धरले जातील' हे लेखी विचारा.

वर्षभरानंतरही पदवीची ओढ राहिली, तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बी.एस. बघा. 2020 मध्ये सुरू झाली. वयाची अट नाही, चार आठवडे शिकून पात्रता परीक्षा द्यायची, परीक्षा केंद्रावर होतात, आणि मधल्या टप्प्यावर थांबलात तरी त्या टप्प्याचं प्रमाणपत्र हातात राहतं. कमी उत्पन्नाच्या घरांना फीत सवलत आहे. गणित कठीण आहे आणि माध्यम इंग्रजी, म्हणूनच वर्षभराची तयारी आधी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रमही चाळून ठेवा. आपल्या भाषेत, कमी खर्चात शिकवण्याचं काम ते 1989 पासून करतंय.

राहिली मुलगी. तिला एआय बंद करू नका. मैत्रिणीच्या मोबाइलवर ती करेलच, आणि तुमच्यापासून लपवेल. नियम एवढाच ठेवा की आधी वहीत स्वतःचा प्रयत्न, मग एआयला 'माझं कुठे चुकलं' एवढंच विचारायचं. वर तुर्कस्तानातल्या मुलांचं सांगितलंय, ते तिलाही वाचून दाखवा. आठवीतल्या मुलीला हे नीट कळतं. संध्याकाळी एक गणित तिने तुम्हाला तोंडी समजावून सांगायचं, मोबाइल बाजूला ठेवून. तुम्हालाही अभ्यासाला बसायचंच आहे, दोघी एकाच टेबलावर बसा. तिच्या पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आहेत, ते वापरायला सांगा. पुस्तकात क्यूआर कोड आणण्याची सुरुवात तुमच्याच जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केली होती आणि 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. बार्शीच्या मुलीला हे माहीत असायला हवं. पुढच्या वर्षी ती नववीत गेली की ओलॅब्स या ऑनलाइन प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर विज्ञानाचे प्रयोग मराठीतही आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत तास व्हायच्या आदल्या रात्री तोच प्रयोग तिथे करून बघू दे, म्हणजे दुसऱ्या दिवशी परीक्षानळी ती स्वतःहून हातात घेईल.